काकड्यांचा आहेर

"या बाईंना दुसरा कामधंदा नाही का?" दारातल्या टोपलीकडे बघत नीलकंठराव कडाडले. टोपलीत ताज्या काकड्या होत्या.

जपानमध्ये, क्योतोत संशोधन करणाऱ्या त्यांच्या लेकीने, कादंबरीने, वडिलांना समुद्राजवळच्या खेड्यात चार दिवस आणलं होतं. घर भाड्याचं, स्वयंपाक आपला आपण करायचा. म्हणून पुण्याहून आलेला रवा, पोहे, तूप सगळं बरोबर होतं. आज शेवटचा दिवस, संध्याकाळची गाडी. टोपली शेजारच्या मात्सुई आजींची होती.

"बाबा, इथे शेजारी देतात भाज्या. आभार मानून टोपली परत करायची, झालं."

"रिकामी? आपल्या घरातून कधी रिकामं भांडं परत गेलंय?"

त्यांनी शिरा केला. आई गेल्यावर ते कादंबरीलाच फोनवर विचारून विचारून स्वयंपाक शिकले होते आणि आता शिऱ्यात कुणाचं ऐकत नव्हते. बशी तिच्यापुढे ठेवून त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "कसा झालाय?"

"ठीक आहे," मोबाइलवरून नजर न काढता तिने नेहमीचं उत्तर दिलं.

शिरा शेजारी गेला. थोड्याच वेळात टोपली परत आली, वांग्यांनी भरून. नीलकंठरावांनी तिरमिरीत पोहे केले. पोह्यांवर टोफू आला. टोफूवर त्यांनी बेसनाच्या लाडवांचा डबा उघडला.

"बाबा! ते माझ्यासाठी आणलेत ना?"

"इथे अब्रूचा प्रश्न आहे, तुला लाडू सुचतायत!"

लाडवांचं उत्तर द्यायला आजी स्वतः आल्या. दोन्ही हातांवर एक भलामोठा मासा. त्याचा डोळा थेट नीलकंठरावांवर.

"आपण मासे खात नाही, सांग त्यांना!"

"सांगते. मग त्या हा नेऊन दुसरं काहीतरी आणतील."

नीलकंठरावांनी मुकाट्याने मासा घेतला आणि कमरेत वाकले. आजी त्यांच्याहून खाली वाकल्या. ते आणखी वाकले. आजी आणखी.

"वाकण्यातसुद्धा मागे हटत नाही बाई!" कंबर चोळत ते आत आले. "आपण इथे सुट्टीला आलोय की आहेराला?"

दुपारी बापलेकीने भाताबरोबर काकडीची कोशिंबीर खाल्ली. पुण्याहून आणलेलं जवळजवळ सगळं शेजारी गेलं होतं. दही काढायला फ्रीज उघडला की मासा बघायचा.

संध्याकाळी टॅक्सी आली आणि तिच्यामागून आजी, कलिंगड कवटाळून. नीलकंठराव क्षणभर उभे राहिले, मग तरातरा आत गेले. डब्याच्या तळाचा मूठभर रवा भाजल्याचा वास आला. ड्रायव्हर घड्याळाकडे बघत राहिला. स्टीलच्या डब्यात गरम शिरा भरून त्यांनी आजींच्या हातात दिला. आजींनी तिथेच चाखला आणि डोळे मिटले.

"बाबा, डबा?"

"राहू दे. आता परत करायची पाळी त्यांची." आगगाडीत कलिंगड मांडीवर घेऊन ते म्हणाले, "जिंकलो."

त्या रात्री क्योतोला ते झोपले, ते उठलेच नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात कादंबरी एकटीच त्याच घरी आली. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून तिने शिरा केला होता. मात्सुई आजींनी तिला पाहिलं आणि त्या आधी परसात गेल्या. आल्या तेव्हा हातात स्टीलचा डबा होता, काकड्यांनी भरलेला.

"वडील?" त्यांनी तिच्या मागे बघत विचारलं.

कादंबरीने सांगितलं. आजी डब्यासकट खाली वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या. मग पायरीवर बसून त्यांनी तिचा शिरा खाल्ला. सावकाश, विचार करत.

"वडिलांचा जास्त चांगला होता," त्या म्हणाल्या.

कादंबरी भडकली. सकाळभर खपली होती ती! या देशात इतकी वर्षं काढली, तोंडावर असं कुणी बोललं नव्हतं. तिने रागाने एक चमचा तोंडात घातला. गुठळ्या. तूप कमी. वेलदोडा तर ती विसरलीच होती.

तिने चमचा खाली ठेवला, काकड्यांचा डबा मांडीवर ओढून घेतला आणि मोठ्याने, मराठीत, म्हणाली, "बाबा, तुमचा शिरा फार छान व्हायचा हो. नेहमीच."