इंग्लिश प्लीज, नंबर फोर

वर्तककाका एकोणीस दिवस माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलले. बारा ज्युरर्समध्ये मराठी आम्ही दोघंच, दोघंही ईडन प्रेरी या एकाच अमेरिकन गावात राहणारे. खटला इतका गाजलेला, की निकाल लागेपर्यंत कोर्टाने आम्हाला हॉटेलात कोंडलं होतं. पहिल्याच संध्याकाळी मी आनंदाने विचारलं, "काका, तुम्ही मूळचे कुठले?" तर ते चक्क दोन पावलं मागे सरकले. "इंग्लिश प्लीज, नंबर फोर. अदर टेन विल थिंक वुई आर डिसायडिंग समथिंग."

ज्युरीत नावं नाहीत, नुसते नंबर; ते स्वतः नंबर सेव्हन. जन्मभर पूल बांधलेले, निवृत्त इंजिनियर. सत्तरी उलटली की ज्युरीतून सूट मागता येते, पण सूट मागणं हे काकांच्या रक्तातच नाही. बरोबर आणलेला चिवड्याचा डबा त्यांनी स्वतःच तपासणीच्या टेबलावर पालथा घातला. "व्हेरिफाय टिल बॉटम, प्लीज." आमच्यावर पहारा ठेवणारा बिचारा डेप्युटी शेंगदाणे बघत बसला.

टीव्ही नाही, मोबाइल नाही. पेपर यायचा तोही खटल्याच्या बातम्या कापून, भोकं भोकं पडलेला. काका तो टायरच्या जाहिरातींसकट वाचायचे. एकदा कोपऱ्यात खटल्याची अर्धी ओळ राहून गेली होती. ती बोटाने झाकून ते डेप्युटीकडे गेले. "यू मिस्ड वन." नाश्त्याला कुणी एखाद्या साक्षीदाराचं नाव काढलं, की काका ताट उचलून भिंतीकडे तोंड करून बसायचे. "प्रोसिजर इज प्रोसिजर." पहिल्या आठवड्यात सगळे हसले. दुसऱ्या आठवड्यात काका आले की सगळे आपोआप हवापाण्यावर बोलायला लागायचे. मलाही आधी हसूच यायचं. पण एवढं स्वच्छ वागता येतं माणसाला, हे बघून मी थक्क झाले होते.

संध्याकाळी घरी फोन करायला दहा मिनिटं मिळत. डेप्युटी समोर, स्पीकर चालू, आणि त्याला कळावं म्हणून बोलणं इंग्रजीत. माझी मुलं तशीही इंग्रजीतच उत्तरं देतात, त्यामुळे मला काही फरक पडला नाही. माझा नंबर काकांच्या मागे असायचा. "हॅलो सुमन. धिस इज वर्तक. टुडे इट स्नोड." पलीकडून काहीच यायचं नाही. बायकोला आडनाव सांगणारा नवरा मी पहिल्यांदाच बघत होते. घरी गेल्यावर याची नक्कल करून दाखवायची, असं ठरवूनही टाकलं होतं.

सोळाव्या दिवशी पलीकडून थकलेला आवाज आला. "कोण आहे?"

"धिस इज वर्तक, सुमन."

"कोण वर्तक?"

मग नर्सचा आवाज आला, काकू आज दमल्यात म्हणून, आणि फोन बंद झाला. डेप्युटीला काही कळलं नाही. कळलं काकांना, आणि दारात उभ्या असलेल्या मला.

मी नियम विसरले. "काका, एक शब्द तरी मराठीत बोला ना त्यांच्याशी!"

काका चष्मा पुसत राहिले. "शी हॅड अ स्ट्रोक. हर इंग्लिश इज ऑल गॉन, नंबर फोर."

"मग जजना सांगा. दुभाष्या देतील, नाहीतर घरी सोडतील."

"स्टॉप द कोर्ट फॉर मी? अ मॅन्स होल लाइफ इज इन दॅट रूम." मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी पाया पडावंसंही वाटलं.

एकोणिसाव्या दिवशी निकाल लागला. मोबाइल परत मिळाले, सगळे आपापल्या स्क्रीनवर तुटून पडले. काका कोटाची बटणं लावत माझ्याजवळ आले. "तुमचं नाव काय हो? आता विचारायला हरकत नाही."

"वैशाली."

"वैशालीताई, नर्सिंग होमपर्यंत सोडाल मला?"

गाडीत मी न राहवून म्हटलं, "ज्युरीची निवड करताना विचारलं होतं ना, कुणी तुमच्यावर अवलंबून आहे का म्हणून? तेव्हाच सांगायचं."

"तिच्याकडे बघायला नर्सेस आहेत. ती कुठे माझ्यावर अवलंबून आहे?" काका बाहेरच्या बर्फाकडे बघत म्हणाले. "मी आहे तिच्यावर. पण तसं कुणी विचारलं नाही."

खोलीच्या दाराशी मात्र त्यांचे पाय अडले. "तुम्ही आधी जा. तिने ओळखलंच नाही तर?" मी दार ढकललं आणि त्यांना पुढे केलं.

सुमनकाकू खिडकीशी खुर्चीत होत्या. त्यांनी काकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग कपाळाला आठी पडली.

"अहो, बाहेर एवढा बर्फ, आणि डोक्यावर टोपी नाही?"

"विसरलो गं," काका म्हणाले.

काकूंनी एका हाताने गळ्यातला मफलर सोडवला. काका त्यांच्यापुढे वाकले, आणि घळाघळा रडत त्यांनी तो डोक्याला गुंडाळून घेतला.