परबकाकांची सीट

आमच्या मजल्यावरच्या पूजेला परबकाका येतात तेव्हा त्यांच्या एका हातात नारळ असतो आणि काखेत सायकलची सीट. नुसती सीट. सायकल खाली, भोईवाड्यातल्या आमच्या चाळीच्या जिन्याला साखळीने बांधलेली. काका सतरंजीवर मांडी घालतात, सीट शेजारी ठेवतात आणि तीर्थाचा थेंब पडू नये म्हणून तिच्यावर रुमाल पसरतात. एकदा एका नवख्या भटजींनी गोंधळून तिच्यावरही अक्षता टाकल्या होत्या. पूजेत चामडं आणलं म्हणून माझी आई दरवर्षी कुरकुरते आणि दरवर्षी काकांना प्रसाद दोनदा वाढते.

सीट गडद तपकिरी, मागच्या बाजूला पितळी रिव्हेट, आणि बैठकीत डावीकडे जरा जास्तच झुकलेला खळगा. घरात ठेवली तर उंदीर कुरतडतील, सायकलला लावली तर चोर नेतील, म्हणून काका ती घेऊनच फिरतात. बाजारात, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत. काका छापखान्यातून निवृत्त झालेले, सडेफटिंग. त्यामुळे घरात त्यांना कोणी बोलायलाही नाही.

मी ऑफिसला सायकलने जायला लागलो त्या दिवशी काकांनी अख्ख्या मजल्यादेखत मला विचारलं, "बूड काय म्हणतं?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. सायकलवाला दिसला की तब्येत, बायकापोरं राहिली बाजूला, आधी बूड. "दुकानदार खोटं बोलेल, मेकॅनिक खोटं बोलेल. बूड खोटं बोलत नाय!"

मग मला त्यांचं सीटशास्त्र ऐकावं लागलं. "रबर म्हणजे लॉजची गादी रे. कोण पण या, कोण पण झोपा. तिला तुझं नाव पण ठाऊक नाय. चामडं आधी तुला रडवणार. महिना रडवेल, दोन महिने रडवेल. मग तुझ्या हाडांचा ठसा घेणार, की मग कुठे पण जा."

"मग चामड्याचीच घेऊ?"

"येडा की काय! ऑफिसला रबर. पावसात भिजणार, फुटपाथवर पडून राहणार, तिचं काय वाकडं होतंय? चामडं लांबच्या प्रवासाला."

सगळं पटलं. फक्त एक गोष्ट मला छळत राहिली. काकांच्या स्वतःच्या सायकलवर रबरी सीट होती. तीही फाटकी, वर दुधाची पिशवी बांधलेली. चामडी सीट सायकलवर चढलेली मी कधी पाहिलीच नव्हती. विचारलं की काका म्हणायचे, "गावाला जाताना लावतो." पण गावाला ते एसटीने जायचे, सीट मांडीवर घेऊन!

यंदा शिमग्याला सायकलने कोकणात जायचं, दारात पालखी यायच्या आत पोचायचं, असं मी ठरवलं. सराव म्हणून रबरी सीटवर पनवेलला जाऊन आलो. येताना निम्मा रस्ता मी पेडलवर उभाच होतो. नवी चामडी सीट मुरायला आता वेळ नव्हता, म्हणून काकांची मागितली. ज्या माणसाने शेजारच्या लग्नात पाहुण्यांना स्वतःची खोली दिली आणि आठवडाभर गॅलरीत झोपला, तो माणूस सीट छातीशी धरून म्हणाला, "किडनी माग. सीट नाय."

"तुम्ही तर वापरतही नाही ती!" मी चिडून म्हणालो.

काकांनी सीटवर रुमाल पसरला. मग म्हणाले, "रविवारी चल. ज्याची आहे त्याला विचारू."

ज्याची आहे? मला रविवारपर्यंत चैन पडेना.

नायगावात जुन्या चाळी पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये, खूप वरच्या मजल्यावर, वसंता नावाचे काकांचे बालमित्र खाटेवर पडून होते. पूर्वी दर शिमग्याला दोघे सायकलने गावी जायचे. मग अर्धांगाचा झटका आला आणि वसंताकाकांची उजवी बाजू गेली. काकांनी सीट त्यांच्या पोटावर ठेवली. त्यांनी चांगल्या हाताचा अंगठा त्या खळग्यात दाबून पाहिला. डोळे बारीक केले.

"बसलंस?"

"नाय रे."

"खरा सांग."

"तुझी शपथ. रबरार बसतंय मी."

"मगे बरा. मी उठलंय काय माका लागतली."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. काका बसले असते तर तो खळगा हळूहळू त्यांचा झाला असता. मित्राची जागा मित्रालाच राहावी म्हणून हा माणूस इतकी वर्षं फाटक्या रबरावर बसत होता. 

काका वहिनींना चहाला मदत करायला आत गेले. वसंताकाकांनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"मी काय आता उठत नाय," ते हळूच म्हणाले. "डॉक्टरने कधीच सांगितलं."

"मग काकांना सांगा ना."

"सांगितलं तर तो सीट इथे ठेवून जाईल. मग दर रविवारी येईल कशाला? त्याला दुसरं आहे कोण?"

चहा आला. काकांनी माझा प्रवास आणि माझी मागणी रीतसर मांडली. वसंताकाका डोळे वटारून म्हणाले, "अजिबात देऊ नको! माझी सीट आसा ती."

"बघ," काका माझ्याकडे वळले. नकार मिळाल्यावर इतका खूश झालेला माणूस मी पाहिला नव्हता.

खाली उतरताना लिफ्टमध्ये काका रुमालाने सीट पुसत होते. खळग्यातला अंगठ्याचा ठसा तेवढा त्यांनी राहू दिला.

"जिद्द बघितलीस? उठणार तो," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून जरा ओशाळले. "पण तुझं काय रे आता? रबरावर गावापर्यंत? बूड काय म्हणतं?"

"चालेल म्हणतं काका. मस्त चालेल."

बूड खोटं बोलत नाही. मी बोललो.