घर सोडण्याची रंगीत तालीम

बाबांचा आवाज हे एक सार्वजनिक प्रकरण होतं. सारी नोकरी बसस्थानकावर घोषणा करण्यात गेलेली. घरात त्यांनी मीठ मागितलं, तरी ऐकणाऱ्याचा हात पिशवीकडे जायचा!

त्या दुपारी मुलगी त्यांना आपल्या घरी न्यायला आली होती. समुद्रात वादळ उठलं होतं आणि बाबांचं घर किनाऱ्यालगतच्या सखल गल्लीत.

"चला ना बाबा. तुमच्यासाठीच म्हणतेय."

"सरकारची सूचना नीट वाच. 'तयारी ठेवा' म्हटलंय, 'निघा' नाही. निघा म्हणतील तेव्हा शाळेत जायचं. तू गॅस बंद करायचास, औषधं आणि कागदपत्रं माझ्याकडे. योजना चोख आहे! थांब, तालीमच घेऊ."

ती गॅसपाशी पोचते न पोचते तोच पायरीवरून बाबांचा आवाज घुमला, "सखल भागातील रहिवाशांनी कृपया लक्ष द्यावे! ताबडतोब घर सोडून शाळेकडे निघावे!"

ती बाहेर आली तर गल्ली ओस! शेजारच्या मावशी कुकरसकट निघाल्या होत्या. शिंप्याने गिऱ्हाईक अर्ध्या मापातच ओढत नेलं होतं, कमरेला टेप तशीच!

"बघ, याला म्हणतात शिस्त!" बाबा खूश. मग त्यांच्या लक्षात आलं.

तिकडे शाळेच्या फाटकाला कुलूप. पहारेकरी गांगरलेला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सरकारने! या कानांनी ऐकलं!" शिंपी म्हणाला.

त्याने मुख्याध्यापिकाबाईंना फोन लावला, बाईंनी तहसील कचेरीला. कचेरीत सगळे एकमेकांना विचारू लागले, "आपण आदेश दिलाय का?"

एवढ्यात औषधांची पिशवी सावरत बाबा पोचले. "अहो, ती तालीम होती!"

"तालीम?" मावशी कडाडल्या. "भाऊ, या कुकरात जे अर्धकच्चं आहे ना, ते आता तुम्हीच खायचं!"

"गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत," बाबा सवयीने म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी मुकाट्याने चपला घातल्या. "चल तुझ्याकडे. या गल्लीला तोंड दाखवण्यापेक्षा ते परवडलं."

वादळ दुसरीकडेच वळलं. बाबा मात्र पहाटे, तिच्या घरी, झोपेतच गेले.

मावशी भेटायला आल्या. तिचा हात धरून म्हणाल्या, "किती जपलंस गं त्यांना! एवढ्या वादळात एकटं राहू दिलं नाहीस."

"त्यांना कसली भीती, मावशी?" ती म्हणाली. "वारा सुटला की पांघरुणात मी शिरते. इतकी वर्षं ती भीती त्यांच्या नावावर खपवत आले. बाबा, सोबत मला हवी होती हो."