पस्तिशीच्या आतली जागा

हांगझौ शहरातल्या एका प्रतिष्ठित कंपनीत प्रोग्रामरची एक जागा रिकामी होती. वयाची अट नेहमीचीच, पस्तिशीच्या आत. फांग वेनपिंगला पस्तिशी गाठायला पाच महिने उरले होते आणि आधीच्या कंपनीने चहाचा डबा भेट देऊन त्याला घरी बसवलं होतं. नोकरी आत्ता लागली तर लागली, नाहीतर कायमची राहिली.

पहिल्या फेरीत त्याचा प्रोग्राम बिनचूक निघाला, त्यामुळे संशय येऊन दुसरी फेरी ठेवण्यात आली. दुसरीत त्याने मुद्दाम एक चूक केली. ती कोणालाच सापडेना, म्हणून तिसरी. चौथीत स्वभाव तपासला, आणि तो अहवाल हरवल्याने पाचवीत पुन्हा तपासला. दर फेरीनंतर मुलाखत विभागाच्या गुओबाई फोन करत. "शियाओ फांग, सगळे खूश आहेत तुमच्यावर. आता एकच फेरी." शियाओ म्हणजे धाकटे. तेवढ्याने फांगला धीर यायचा.

अकरावी फेरी नेमकी वाढदिवशी आली. बायकोने दीर्घायुष्याच्या शेवया केल्या होत्या. "आजच्या दिवस माझं आयुष्य वाढवू नकोस बाई," म्हणत तो अर्धा वाडगा टाकून धावला.

"या, लाओ फांग," गुओबाई म्हणाल्या.

एका रात्रीत धाकट्याचा थोरला झालेला फांग मटकन खुर्चीत बसला. "बाई, पाच महिने तुम्हीच घालवलेत की."

"त्याचंच वाईट वाटतं. पण विलंब आमच्या विभागाचा, वय तुमचं."

मग त्यांनी चहा पुढे केला. मुलाखत विभागात एक जागा होती, वयाची अट पस्तिशीच्या पुढे. विभागात एकेचाळीस माणसं होती आणि सगळी एकेकाळी प्रोग्रामरच्या त्याच जागेची उमेदवार होती.

"आणि ती जागा भरली तर?" फांगने विचारलं.

"तर विभाग बंद. आठ वर्षं जिवापाड जपलीय आम्ही ती."

फांगला संताप आला. असल्या पापात आपण पडणार नाही, असं त्याने मनाशी ठरवलं आणि नेमणूकपत्रावर सही केली.

दुपारी त्याच्यासमोर चौतीस वर्षं नऊ महिन्यांची एक हुशार मुलगी बसली. तिचं काम बिनचूक होतं. फांगला तिची मनापासून दया आली. "सगळे खूश आहेत तुमच्यावर," तो म्हणाला आणि पुढच्या फेरीसाठी त्याने तिला चार महिन्यांनंतरची तारीख दिली.

वाचकहो, त्याच्या जागी आपण असतो तर असं केलं नसतं, याची तुम्हाला खात्री असेल. फांगलाही होती, दुपारच्या जेवणापर्यंत.