गोवळकोंड्यावरची टाळी

रंगनाथकाका कुठल्याही इमारतीत शिरले की आधी टाळी वाजवतात. मग ती बँक असो, मंगल कार्यालय असो, नाहीतर दाताच्या डॉक्टरांची खोली. एक सणसणीत टाळी, मग मान वर करून इकडे-तिकडे पाहणं, आणि मग निकाल. "आवाज बरा हाय!" बँकेतल्या बाई एकदा इतक्या दचकल्या, की हातातला शिक्का त्यांनी स्वतःच्याच मनगटावर मारून घेतला.

हे आमचे नगरचे शेजारी. त्यांच्या आणि आमच्या घरात भिंत एकच. काका मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याकडचे, डोंगरातले. आयुष्य गेलं नागापूरच्या एमआयडीसीत, पत्रा ठोकणाऱ्या प्रेस मशीनवर. बोली मात्र गावाकडचीच राहिली, आणि सुरू झाली की थांबायचं नाव नाही. प्रश्न तेच विचारणार, उत्तरही तेच देऊन टाकणार. "काय पोरी, बरी हायेस ना? हायेसच. शाळा काय म्हनती? चाललीय, दुसरं काय!" आपण उघडलेलं तोंड तसंच मिटायचं आणि शाळेत शिकवायला निघून जायचं.

त्यात नगरचा अभिमान असा, की जगात जे जे म्हणून आहे ते नगरला असलंच पाहिजे. कुणी काही पाहून आलं, कौतुकानं सांगायला लागलं, की काका हात झटकून मोकळे. "आपल्याकडं बी हाय. फक्त पाटी न्हाई."

मागच्या हिवाळ्यात माझी आई गेली. आम्ही दोघीच होतो, त्यामुळे घर एकदम मुकं झालं. शाळेतून यायचं, कडी लावायची, गरम केलेला चहा गार होऊ द्यायचा. अशात एक दिवस काका दारात. "पोरी, बॅग भर. हैदराबादला जायचंय. आमाला हिंदी बोलनारं मानूस पायजे."

मी म्हटलं, "काका, मला नाही हो जमणार."

"जमंल, जमंल!" म्हणाले आणि तिकिटं हातात ठेवून गेलेसुद्धा. मागे सुमनकाकू उभ्या होत्या. त्यांनी नुसतं विचारलं, "दशम्या किती घेऊ गं तुझ्या?" आता यावर काय बोलणार, कपाळ!

तर असे आम्ही तिघं हैदराबादेत. चारमिनारखाली काकांनी टाळी वाजवली, कबुतरं भर्रकन उडाली. काका खूश. "आवाज चांगला हाय." मग कमानीखाली उभं राहून म्हणाले, "मिनार चार. बरोबर हाय. पर आपल्या किल्ल्याला बुरुज किती, ते इचार की ह्यांना!" मी कुणाला विचारणार? तो फुलंवाला आमच्याकडे टकामका पाहत होता.

बिर्याणीच्या हॉटेलात तर कहर. झाकण उघडलं, वाफ आली, काकांनी डोळे मिटून वास घेतला. "भात चांगला हाय. पर आमच्या अकोल्याच्या तांदळाचा वास शेजारच्या घरी जातो." असं म्हणत म्हणत तीन वेळा वाढून घेतली. वेटरनं अदबीनं विचारलं, "और कुछ, साब?" काका मिशी पुसत म्हणाले, "नगरसे आये! पुनाके पास!" तो बिचारा मान झुकवून गेला. माझ्या नाकात घास गेला हसताना. काकू पाठीवर थोपटत राहिल्या, आणि मला एकदम जाणवलं, आई गेल्यापासून मी आज पहिल्यांदा हसतेय.

दुसऱ्या दिवशी गोवळकोंडा. खरं तर सगळी वारेमाप धावपळ त्याच्याचसाठी होती. तिथं खाली दरवाज्यात विशिष्ट ठिकाणी टाळी वाजवली, की पार वर, डोंगरमाथ्यावरच्या महालात ऐकू येते. कारखान्यातल्या कुणीतरी काकांना हे सांगितलं होतं, तेव्हा लग्न नवं होतं. काकांनी तेव्हाच काकूंना शब्द दिला होता, तू खाली वाजवायची, मी वर ऐकायची. मग संसार, शिफ्टा, मुलांची शिक्षणं, आणि आता काकूंचे गुडघे. त्यांना चढणं शक्य नव्हतंच, पण वाजवायला गुडघे कशाला लागतात, असं काकांचं म्हणणं.

"व्हय तर," काकू म्हणाल्या आणि कमानीखाली पदर खोचून उभ्या राहिल्या.

मी आणि काका चढायला लागलो. निम्म्या वाटेवर काका एका दगडावर बसले. बराच वेळ बोलले नाहीत. मी घाबरलेच. काका गप्प म्हणजे छातीत दुखतंय की काय!

"पोरी," ते खाली बघत म्हणाले, "मला ऐकू येत न्हाई. प्रेसनं खाल्लं कान. थोडं थोडं जाता जाता समदंच गेलं."

मग मला एकेक उलगडत गेलं. तो न थांबणारा बोलण्याचा धबधबा, स्वतःच दिलेली उत्तरं, तो वेटर.

"टाळी वाजवून बघतो, आज येतो का आवाज. मला न्हाई आला तरी कबुतरं सांगत्यात. न्हाईतर ती बँकेतली बाई." हसले जरासे. "पर सुमनला सांगायचं न्हाई. रोज सकाळी ती गाती, तुला भिंतीपल्याड ऐकू येत असंल. मी समोर बसून मान हालवतो. तिला कळलं तर गानं थांबवंल ती. ऐकनारंच न्हाई, तर गाईल कुनासाठी?" मग माझं मनगट धरलं. "वर गेल्यावर तिची टाळी आली की माझा हात दाब. भजनातली टाळी हाय तिची. दोन वाजवती, थांबती, मग एक. एवढं कर."

वर पोचलो तर खाली टाळ्यांचा नुसता बाजार. कुणी गाईड वाजवतोय, कुणी शाळेची सहल. काका कठड्याला रेलून माझ्या तोंडाकडे पाहत होते, एखादं लेकरू निकालाकडे पाहतं तसं. त्या गलक्यात मी काय ओळखणार? डोळे मिटले. देवा, एवढी एक ऐकू दे.

आणि आली. दोन. थांबून एक. पुन्हा दोन, थांबून एक. बारीक, पण खणखणीत. मी काकांचा हात जो दाबला, तो सोडलाच नाही.

काकांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "हे मातर आपल्याकडं न्हाई हां, पोरी."

हिंदी बोलणारं माणूस वगैरे सगळ्या थापा! त्यांना माझे कान हवे होते. माझं काही कुणाला हवं असेल, हे मी विसरूनच गेले होते. उतरताना मला रडू येत होतं आणि फार बरं वाटत होतं.

खाली आल्या आल्या काका ओरडले, "ऐकली गं सुमे! दोन आन् एक!" काकू लाजल्या चक्क.

संध्याकाळी इराण्याकडे चहा प्यायला बसलो. काका गल्ल्यावरच्या मालकाला नगर समजावून सांगायला गेले. काकूंनी कप धरला तेव्हा तळवे दिसले, लालबुंद.

"अहो काकू, एवढ्या जोरात वाजवायची होय?"

"त्यांना ऐकू येत न्हाई ना," काकू सहज म्हणाल्या. "म्हनून."

माझा कप बशीवर आपटला. "तुम्हाला ठाऊक आहे?"

"लई दिस झालं. मी गानं थांबवलं तरी मान हालवत बसत्यात."

"मग रोज गाता कशा?"

काकूंनी गल्ल्याकडे पाहिलं. काका हातवारे करत होते, मालक हतबल. "मान हालवताना लई बरं दिसत्यात," त्या म्हणाल्या. "तू नगं सांगू हां त्यांना."

आता रोज सकाळी भिंतीपलीकडे गाणं सुरू झालं, की मी अलीकडे चहा घेऊन बसते, गरम असतानाच पिते, आणि मान हलवते. काकूंना ते दिसत नाही. तरी हलवते.