टेंटरच्या आकड्यावर

सभागृहातली जुनी लाकडी चौकट ठेवायची की जळणात घालायची, याचं कमिटीचं मतदान चहाआधी होतं. अध्यक्षा क्राउदरबाईंना त्या जागी खुर्च्या हव्या होत्या. म्हणूनच, जन्म लोकरीच्या गिरणीत काढलेल्या ईनक बॅराक्लफनं चौकटीच्या बाजूनं बोलायची वेळ मागून घेतली होती.

"ही टेंटर! शब्द मूळचा लॅटिन, अर्थ ताणणं. ओलं लोकरी कापड आटू नये म्हणून आपले पणजोबा ते या आकड्यांना अडकवून टेकडीवर वाळवायचे. त्याच्याही आधीच्या काळी ते कापड चोरलं, तर हॅलिफॅक्सात मुंडकं उडायचं!"

एवढं बोलून तो ऐटीत मागे सरला आणि त्याच्या विजारीच्या बुडात आकडा शिरला. पुढे सरकावं, तर बारीकसं 'टर्र' झालं. ईनकला घाम फुटला. आता बोलत राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"जीव टांगणीला लागला की आपण 'टेंटरहुक्सवर आहे', म्हणजे या आकड्यांवर लटकलोय, असं म्हणतो, ते... ते यावरूनच."

हे त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा पहिल्या रांगेतून त्याची बायको हिल्डा दबक्या आवाजात म्हणाली, "आवर की रे! चहाबरोबरचं खाणं गार झालं सगळं!"

"अडकलोय गं. मागून."

हिल्डा कपाळाला हात लावत वर आली, चौकटीमागे वाकली आणि तिच्या स्वेटरची बाही दुसऱ्या आकड्यात गुंतली.

"काय खुसफुस चाललीय तिथं?" म्हणत क्राउदरबाई तरातरा आल्या.

"बाई, हात नका लावू!" ईनक ओरडला. तोवर बाईंनी दोन्ही हातांनी चौकट धरली होती. भाचीच्या लग्नासाठी घेतलेल्या त्यांच्या रेशमी ब्लाउजच्या दोन्ही बाह्यांत आकडे रुतले.

तिघंही पुतळ्यासारखी उभी राहिली. भाषणाला रंग चढलाय असं वाटून लोक श्वास रोखून पाहू लागले. चिटणीसानं घड्याळ पाहिलं.

"चला, मतदान. चौकट हटवायची म्हणणारे हात वर करा."

कमिटीतले दोन हात वर झाले. दोन खालीच राहिले.

"बरोबरी! बाई, आता तुमच्यावर आहे. करा हात वर."

क्राउदरबाईंनी दोन्ही बाह्यांकडे पाहिलं. एक हात बोटभर उचलला. रेशमाचा एक धागा ताणला गेला.

"बाई?"

"राहू दे," त्या दातओठ खात म्हणाल्या. "राहू दे चौकट."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ईनकला भान राहिलं नाही. त्यानं लोकांना कमरेत वाकून नमस्कार केला.

टाळ्यांत तो आवाज कुणालाच ऐकू आला नाही. फक्त हिल्डानं डोळे मिटून घेतले.