माफीचं पान आणि म्हातारीचं कुंपण

वाटाड्या एलिनामीने किलिमांजारो डोंगर त्र्याण्णव वेळा पार केला होता, आणि मारांगूच्या बाजारात हे ज्याला ठाऊक नाही तो एक तर बहिरा असायचा किंवा कालच जन्मलेला. या खेपेला रोंगाईच्या बाजूने चढायचं, शिखर ओलांडून इकडे मारांगूत उतरायचं. सहा दिवस, पाहुणी एकच: जर्मनीच्या निवृत्त मुख्याध्यापिका हेडविगबाई. "डोळे मिटून नेतो," म्हणाला गडी.

अडचण एकच होती. स्वयंपाकी आइकाएलीबाबा त्याच्याशी बोलत नव्हते. तीन महिन्यांपूर्वी त्याने पाहुण्यांसमोर बाबांच्या सूपची थट्टा केली होती, की एवढ्या मिठात अख्खा बैल खारवता येईल. पाहुणे हसले आणि बाबा गप्प झाले ते झालेच. आता बाबा गप्प म्हणजे काय साधी गोष्ट? बाराच्या बारा हमाल त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. ही फेरी संपल्यावर बाबा दुसऱ्या वाटाड्याकडे गेले, की सगळी माणसं त्यांच्यामागे जाणार आणि एलिनामी काठी टेकत एकटाच डोंगराकडे बघत बसणार!

मग तोंडाने माफी मागावी? छे! मुख्य वाटाड्या हमालांसमोर वाकला की संपलंच. पण इथल्या चग्गा जमातीच्या माणसाकडे यावर उतारा असतो: सालेचं पान. ते लांब हिरवं पान समोर धरलं, की पुढचा कितीही पेटलेला असो, त्याला राग सोडावाच लागतो. बापजाद्यांची रीत आहे ती. एलिनामीने घरून एक कोवळं पान आणलं आणि सुकू नये म्हणून जेवणाच्या तंबूत पाण्याच्या मगात उभं केलं. बेत असा, की शिखर उतरल्यावर सगळे दमून मऊ झाले की गुपचूप द्यायचं.

तिसऱ्या दिवशी हेडविगबाईंनी पेज दोनदा परत पाठवली आणि मग त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. म्हाताऱ्याला काहीतरी द्यावं, पण त्या उंचीवर दगडांखेरीज मिळणार काय? बाईंनी मगातलं पान उचललं आणि दोन्ही हातांनी बाबांपुढे धरलं. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघा रे," ते हमालांना म्हणाले, "परक्या मुलखातली बाई. तिला कळतं."

आणि त्यांनी एलिनामीकडे असं पाहिलं, की तो बुटाची नाडी बांधायला खालीच बसला. नाडी बांधलेलीच होती.

तेव्हापासून बाईंची चंगळ! केळ्यांची भजी काय, बटाटे काय, रस्सा काय. इतकं खाऊन बाईंना चढ चढवेना. शिखरावर पोचायला त्यांना सकाळचे दहा वाजले, तेही एलिनामीच्या खांद्याला लोंबकळून.

शेवटच्या दिवशी हमाल मुक्काम आवरत मागे राहिले, तेवढ्यात एलिनामीने डाव साधला. बाईंना पायथ्याच्या फाटकाशी शिखर गाठल्याच्या प्रमाणपत्राच्या रांगेत उभं केलं, खाली गावात धूम ठोकली आणि पहिल्याच कुंपणातलं सालेचं पान तोडलं.

आतून एक म्हातारी दांडकं घेऊन धावली. सालेचं कुंपण म्हणजे जमिनीची हद्द, हे शेंबडं पोरही जाणतं. पण घाईत एलिनामीला त्याचा विसर पडला. म्हातारीचा दिराशी हद्दीवरून जुना तंटा, तिला वाटलं हा दिराचाच माणूस. दांडकं चुकवायला एलिनामीने हातातलं पान पुढे केलं. रीत ती रीत, म्हातारीने चरफडत माफ केलं. त्याने बाबांसाठी दुसरं तोडलं, की दांडकं पुन्हा वर! तेही पान तिलाच द्यावं लागलं. तिसऱ्याचंही तेच. चौथ्यापर्यंत अर्धं गाव गोळा झालं, आणि त्यात भांड्यांचं ओझं घेतलेले आइकाएलीबाबा, मागे बारा हमाल.

एलिनामी हरला. सगळ्यांदेखत म्हणाला, "बाबा, माझं चुकलं. सूपवरून बोलायला नको होतं."

"सूप?" बाबांनी ओझं खाली ठेवलं. "सूप खारटच होतं की."

"मग राग कसला?"

"त्या दिवशी माझ्या पहिल्या नातवाचा बाप्तिस्मा होता. सुट्टी मागितली तर तू म्हणालास, नातू काय पळून जातोय? घरी बोकड कापला, आजोबाचा वाटा झाकून ठेवला. आणि आजोबा वर तुझं सूप ढवळत होता. मीठ किती वेळा पडलं, मला काय ठाऊक."

एलिनामीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याची मान आपोआप खाली गेली. म्हातारीने कुंपणाचं एक पान स्वतःच्या हाताने तोडलं आणि त्याच्या मुठीत कोंबलं. "घे मेल्या. याची माफी नको."

एलिनामीने पुढे धरलेलं पान बाबांनी घेतलं. "धाकटीच्या मुलाचा बाप्तिस्मा पंधरा तारखेला आहे," म्हणाले.

पंधरा तारखेला त्यांच्यातलं कोणीही डोंगर चढलं नाही. बाबा नातवाला मांडीवर घेऊन बसले होते. आणि मागे केळीच्या बागेत मुख्य वाटाड्या हंडे घासत होता, अन् बारा हमाल एकेक हंडा उलटापालटा करून, "इथे काजळी राहिलीय," म्हणत त्याच्याकडे ढकलत होते.